खानेसुमारी आणि माजघर

‘खासगी’ हा शब्द आज ज्या अर्थानें आपण सर्रास वापरतों, तो अर्थ त्याला बराच उशिरां येऊन चिकटला आहे. मराठेशाहीच्या दफ्तरांत खासगी म्हणजे धन्याची जातीची मिळकत. दौलतीच्या जमाखर्चाहून ती निराळी धरावयाची आणि दौलतीच्या कारभाऱ्यानें तींत हात घालावयाचा नाहीं. इ. स. १७३४ त मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांना पेशव्यांकडून जी खासगी जहागीर मिळाली, तीच पुढें अहल्याबाईंकडे आली, आणि तिच्या उत्पन्नांतून किती घाट व देवालयें उभीं राहिलीं हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तेव्हां खासगी होती ती राजाला, सरदाराला. रयतेला शेत होतें, घर होतें, कोणाला वतन होतें, खासगी नव्हती. एखादा कुणबी पाटलाला ‘माझ्या खासगींत दखल देऊं नका’ असें म्हणता, तर तो उर्मट ठरता कीं काय हा प्रश्न दूरच राहिला, पाटलाला त्या बोलण्याचा अर्थच लागला नसता.

पण रयतेच्या घराला आडपडदा नव्हता असें मात्र नव्हे. आमचें जुनें घर बांधलेलेंच असे पायरीपायरीनें. परका मनुष्य अंगणांत उभा राही. ओळखीचा ओसरीवर बसे. सोयराधायरा पडवींतून आंत येई. माजघरांत फक्त घरचीं माणसें, आणि देवघरांत तर घरच्यांपैकींहि सोवळ्यांतलींच. हा कायदा कोणीं लिहिला नव्हता, आणि म्हणूनच तो मोडणें कठीण होतें. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. माजघराच्या उंबरठ्यानें परक्याला बाहेर अडविलें, तसेंच घरच्या सुनेला आंत अडविलें. कुटुंबाचा आडपडदा निराळा आणि त्या कुटुंबांतील एकेका माणसाचा आडपडदा निराळा, ही जाणीव आमच्यांत फार अलीकडची आहे. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. देवनारपर्यंत पोंचल्यावर तोच आपल्याला उपयोगी पडावयाचा आहे.

सरकारचा माणूस या ओसरीवर प्रथम आला तो मोजणीसाठीं. खाना म्हणजे घर व शुमारी म्हणजे गणती. पेशवाईच्या कागदांत कसब्यांच्या खानेसुमारीचे तक्ते सांपडतात, ते याच अर्थानें. घरें किती, तीं कोणत्या जातीचीं वा कसबाचीं, पट्टी कोणावर बसते व सूट कोणाला, एवढें कळलें म्हणजे कारकुनाचें काम झालें. तो उंबरठे मोजी. उंबरठ्याआड काय चाललें आहे, याच्याशीं त्याला कर्तव्य नसे. इंग्रजी अमलांत ही नजर बदलली. मुंबई शहराची गणती १८६४ त झाली व लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८७२ च्या सुमारास देशाच्या बहुतेक भागांत शिरगणती झाली. आणि १७ फेब्रुवारी १८८१ रोजीं एकाच रात्रीं सगळीकडे मोजदाद करण्याचा प्रघात पडला. आतां नुसतीं घरें नव्हेत, माणसें मोजावयाचीं. वय, धर्म, जात, धंदा, सधवा कीं विधवा, लिहितां वाचतां येतें कीं नाहीं, हें सर्व वहींत उतरावयाचें. मोजणीमागून नवा कर येणार, ही धास्ती लोकांना असे, आणि ती भोळसट होती असें आम्हांस वाटत नाहीं. त्यांच्या आज्यापणज्यांच्या अनुभवांत मोजणीमागून करच आला होता.

परंतु मोजणें आणि शोधणें, गणती आणि झडती, या दोन क्रियांतील अंतर महाराष्ट्राला खरोखर कळलें तें १८९७ त. सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईंत मांडवीकडे प्लेगची सांथ उघडकीस आली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं सांथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. तो अवघ्या चार कलमांचा, आणि सरकारला वाटेल तो उपाय योजण्याची मुभा देणारा. पुण्यांत प्लेग कमिटीचे अध्यक्ष म्हणून रँडसाहेब आले आणि मार्चपासून गोऱ्या सोल्जरांच्या टोळ्या घरोघर झडत्या घेऊं लागल्या. रोगी सांपडला तर त्याची रवानगी इस्पितळांत, घरच्या इतर माणसांची छावणींत, आणि सामानसुमानाची पुष्कळदां आगींत. रोग्याला वेगळें काढणें हें त्या काळच्या वैद्यकाप्रमाणें योग्यच होतें, हें न्यायानें म्हटलें पाहिजे. पण सोल्जर ओसरीवर थांबला नाहीं. तो बुटांसह माजघरांत गेला, देवघरांत गेला. बायकांच्या अंगावरच्या गांठी चारचौघांत तपासल्या जातात, अशी ओरड सर्वत्र झाली. २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. चाफेकर बंधूंची ती कथा मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून येथें ती आळवीत नाहीं.

त्या वर्षांतील दुसरी एक हकीकत मात्र आमच्या विषयाला अधिक जवळची आहे, आणि ती तितकीशी आठवली जात नाहीं. गोपाळ कृष्ण गोखले त्या वेळीं वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं विलायतेंत गेले होते. पुण्याहून स्नेह्यांचीं पत्रें त्यांना जात. त्या पत्रांच्या आधारें, सोल्जरांनीं दोन स्त्रियांवर अत्याचार केला, असा आरोप त्यांनीं ‘मँचेस्टर गार्डियन’मधून जाहीर केला. सरकारनें पुरावा मागितला. पुरावा म्हणजे तीं पत्रें, आणि पत्रें पुढें करणें म्हणजे लिहिणारांचीं नांवें पुढें करणें. रँडच्या खुनानंतरचे ते दिवस. नातू बंधु स्थानबद्ध झालेले, टिळकांवर राजद्रोहाचा आरोप आलेला. अशा वेळीं कोणाचें नांव उघड होणें याचा अर्थ काय, हें पुण्यांतल्या पोरालाहि समजत होतें. गोखल्यांनीं नांवें दिलीं नाहींत. परत आल्यावर त्यांनीं बिनशर्त माफी मागितली, आणि ती माफी त्यांना पुढें कित्येक वर्षें चिकटून राहिली. मूळचा आरोप सिद्ध होण्याजोगा होता कीं नव्हता, हा वाद निराळा. पण विश्वासानें लिहिलेल्या पत्राचा धनी कोण, घेणारा कीं लिहिणारा, या प्रश्नाला त्यांनीं आपल्या अब्रूची किंमत देऊन उत्तर दिलें, असें आमचें मत आहे. आणि या एका गोष्टीसाठीं त्या माफीकडे पाहण्याची आपली दृष्टि थोडी सैल व्हावी.

तार व टपाल अडविण्याचा अधिकार सरकारनें कायद्यानेंच आपल्याकडे ठेवला होता: तारेचा १८८५ च्या कायद्याच्या ५ व्या कलमानें, टपालाचा १८९८ च्या कायद्याच्या २६ व्या कलमानें. दोन्ही कायदे स्वराज्यानंतरहि पाऊणशें वर्षें चालले. त्यांच्या जागीं आतां २०२३ चे दूरसंचार व टपाल कायदे आले आहेत. कायदे नवे, पण अडविण्याचें कलम त्यांतहि आहेच.

येथें आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांना थोडें खालीं पाहावें लागतें. राजवाड्यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ छापण्यास आरंभ केला. सरदेसायांनीं १९३० नंतर पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग काढले, आणि त्यांतील कांहीं तर पेशव्यांच्या घरगुती आयुष्यालाच वाहिलेले आहेत. आजारपणें, कर्जें, रुसवेफुगवे, सारें आम्ही निःसंकोच वाचतों आणि त्यांवर प्रबंध लिहितों. लिहिणारानें तें आमच्यासाठीं लिहिलें नव्हतें. आमच्या बाजूनें सांगण्याजोगें एवढेंच कीं, ज्याचें पत्र आम्हीं वाचलें त्याच्या दारीं आम्हांला पुन्हां जातां येत नाहीं. त्याचें कर्ज कळलें म्हणून त्याच्या घरावर जप्ती येत नाहीं. समर्थन लंगडें आहे; पण गणती व झडती यांमधील सगळा फरक त्यांत आहे. गणतींत जें कळलें तें माणसाच्या दाराशीं परत येत नाहीं. झडतींत तें परत येतें.

१९४८ च्या जनगणना कायद्यानें हा फरक मोठ्या स्पष्टपणें बांधून टाकला. त्याच्या १५ व्या कलमाप्रमाणें जनगणनेची वही पाहण्याचा हक्क कोणालाहि नाहीं, आणि त्या कायद्याखालील खटले सोडले तर कोणत्याहि दाव्यांत वा फौजदारी खटल्यांत ती पुराव्यांत घेतां येत नाहीं. दोनच वर्षांपूर्वीं, १९४६ त, मुंबई इलाख्यांत द्विभार्याप्रतिबंधक कायदा झालेला होता. समजा, एखाद्या गृहस्थानें गणतीदाराला दोन बायका सांगितल्या. तर ती वही त्या गृहस्थाविरुद्ध कोर्टांत यावयाची नाहीं! प्रथमदर्शनीं हें विचित्र वाटतें. पण सरकारनें येथें एक हिशेब केला आहे: एका गुन्हेगाराला पकडण्यासाठीं वही उघडली, तर पुढच्या खेपेला सगळा गांव खोटें सांगेल.

आतां देवनार. मुंबईकराच्या तोंडीं हें नांव येतें तें नाक मुरडूनच. १९२७ पासून शहराचा कचरा येथें टाकण्यांत येऊं लागला, आणि पुढें पालिकेचा कत्तलखानाहि येथेंच आला. फाडलेलीं पत्रें, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, बँकांचीं पुस्तकें यांच्या रूपानें शहराचें किती खासगी त्या ढिगांत गाडलें गेलें असेल, त्याची खानेसुमारी कोणीं केलेली नाहीं. पण चेंबूर व गोवंडी यांच्या शेजारच्या या वस्तींत दुसऱ्याहि प्रकारच्या संस्था आहेत. टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ त येथें आली. गोवंडी स्टेशनच्या रस्त्यावर आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिची स्थापना १९५६ त भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ व सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांच्या साहाय्यानें झाली. शहर जें फेंकतें तें देवनारच्या एका टोंकाला, आणि देश जें सांगतो तें दुसऱ्या टोंकाला, असा हा योग आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी या नांवाची जी मोठी मोजदाद १९९२-९३ पासून होत आली, तिचें सूत्रचालन या संस्थेकडे आहे. पहिल्या पाहणींत ८८,५६२ घरें होतीं. २०१९-२१ च्या पांचव्या पाहणींत ६,३६,६९९. पेशव्यांचा कारकून उंबरठे मोजी, रँडचा सोल्जर माजघरांत शिरला. देवनारचे प्रश्न जे आहेत ते माजघरांतसुद्धां बोलले न जाणारे. मुलें किती झालीं व किती गेलीं, गर्भपात झाला काय, मूल नको म्हणून काय उपाय करतां, नवरा मारतो काय. आणि तरी लाखों बायका उत्तरें देतात. पांचव्या पाहणींत १८ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा २९ च्या आसपास स्त्रियांनीं नवऱ्याकडून जाच झाल्याचें सांगितलें. दारीं आलेल्या अनोळखी बाईला त्यांनीं हें कां सांगितलें असावें?

याचें उत्तर कांहीं अंशीं पाहणीच्या नियमांत आहे. मारहाणीचे प्रश्न एका घरांतील एकाच स्त्रीला विचारावयाचे. म्हणजे आपल्याला काय विचारलें त्यावरून दुसरीला काय विचारलें असेल, हा तर्क सासूला किंवा जावेला करतां येत नाहीं. ते विचारण्यापूर्वीं आसपास कोणी नाहीं याची खात्री करून घ्यावयाची. एकांत नसेल तर तो भाग सोडून द्यावयाचा. घराचा आडपडदा ओलांडून आंत आलेली ही पाहणी आंत गेल्यावर एका माणसाभोंवतीं नवा आडपडदा उभा करते. जुन्या माजघरानें हें कधीं केलें नव्हतें.

त्याहूनहि कसोटी पाहिली ती २००५-०६ च्या तिसऱ्या पाहणीनें. एड्सचा विषाणु देशांत किती पसरला आहे हें काढण्यासाठीं लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांच्या बोटांतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेण्यांत आले. कागदावर नांव नव्हतें, केवळ रेघांची खूण. रक्ताचा निकाल प्रश्नावलीला जोडण्यापूर्वीं घराची ओळख पटविणाऱ्या खुणा नष्ट करावयाच्या, असा दंडक होता. परिणाम असा कीं, ज्याचें रक्त घेतलें त्यालाहि स्वतःचा निकाल कळावयाचा नाहीं; फुकट तपासणी कोठें होते एवढेंच त्याला सांगितलें जाई. हें कठोर आहे. कागदाला रोग ठाऊक आणि रोग्याला नाहीं, ही स्थिति आम्हांलाहि सहजीं गिळवत नाहीं. पण नांव ठेवलें असतें तर रक्त कितींनीं दिलें असतें? गांवांत हा रोग उघड होणें म्हणजे पाणवठा, बायको, नोकरी सगळ्यांसच मुकणें, असे ते दिवस होते. त्या बिननांवाच्या थेंबांतून १५ ते ४९ वयाच्या लोकांत लागणीचें प्रमाण शेंकडा ०.२८ निघालें. इतर ठिकाणच्या तपासण्या जोडून घेऊन २००७ त देशांतील बाधितांचा अंदाज पन्नास लाखांहून अधिक होता तो पंचवीस लाखांवर आणण्यांत आला. दवाखान्यांतून मिळालेल्या आंकड्यांवर ज्याची भिस्त होती तो अंदाज दुपटीनें चुकला. ज्याला कोणाचें नांव ठाऊक नव्हतें, त्यानें तो सुधारला.

आणखी एक युक्ति सांगण्याजोगी आहे. पाहणी झालेल्या वस्त्यांचीं स्थानें अभ्यासकांना दिलीं जातात, पण तीं खरीं नसतात. शहरांतील वस्ती नकाशावर दोन किलोमीटरपर्यंत व खेडें पांच किलोमीटरपर्यंत मुद्दाम सरकविलेलें असतें. शंभरांतलें एखादें खेडें तर दहापर्यंत. भूगोलाच्या शिक्षकाला हें पाप वाटेल. पण पन्नास उंबऱ्यांच्या पाड्यांत सहा मुलांची एकच विधवा असेल, तर नांव न लिहितांहि तिचें नांव लिहिल्यासारखेंच होतें.

हे सगळे बंदोबस्त कागदाच्या युगांत जन्मले. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीपासून प्रश्नकर्तीच्या हातीं कागदाऐवजीं यंत्र आलें, आणि देशाचा एकंदर कारभारच यंत्रांत गेला. रुमालांत बांधलेल्या दफ्तराचा एक मोठा गुण होता: तें वाचावयास माणूस लागे, आणि माणसाला कंटाळा येई. औषधाच्या दुकानांत एक गोष्ट कळे, पतपेढींत दुसरी, तारमास्तराला तिसरी. पण हे तिघे एकत्र बसत नसत. आज मोबाईलच्या एकाच क्रमांकाला हीं सगळीं टिपणें टांगलेलीं असतात. कोणीहि झडती घेतली नाहीं, आणि तरी झडती पुरी झाली, असा हा प्रकार आहे.

१८९७ चा कायदा मेला आहे असें ज्यांना वाटत होतें, त्यांना २०२० नें जागें केलें. मार्च महिन्यांत महाराष्ट्रांत घरीं अलग राहावयास सांगितलेल्या माणसांच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्के उमटूं लागले, शाई निवडणुकींतलीच. कित्येक शहरांत रोग्याच्या दारावर कागद चिकटविण्यांत आले. शेवटीं ९ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, अधिकाऱ्याचा रीतसर हुकूम असल्यावांचून असे कागद लावूं नयेत, असें बजावलें. तोंवर पहिली लाट ओसरत आली होती.

न्यायालयांनीं या बाबतींत फार सावकाश पावलें टाकलीं. १९५४ त आठ न्यायाधीशांच्या व १९६२ त सहा न्यायाधीशांच्या पीठानें राज्यघटनेंत असा स्वतंत्र हक्क मानला नाहीं. १९७३ चा एक निकाल तर आमच्या मुंबईचाच: लांच मागणारा आरोपी हा शहराचा कॉरोनर, टेलिफोनवरील संभाषण पोलिसांनीं ध्वनिफितीवर घेतलेलें, आणि दुसऱ्या टोंकाच्या माणसाची संमति होती म्हणून तें ग्राह्य ठरलें. १९९६ त टेलिफोन चोरून ऐकण्यावर कांहीं बंधनें आलीं. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें खासगीपण हा मूलभूत हक्क आहे असें सांगितलें, आणि त्याच आधारावर २२ ऑक्टोबर २०१९ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें एका व्यापाऱ्याचा टेलिफोन ऐकण्याचे सरकारी हुकूम रद्द केले. होळकरांच्या खासगीपासून मोजलें तर रयतेला तिची खासगी मिळण्यास २८३ वर्षें लागलीं.

२०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा हें त्यापुढचें पाऊल. त्यांत संशोधन व सांख्यिकी यांना सूट आहे, पण एका अटीवर: गोळा केलेल्या माहितीवरून त्या विशिष्ट माणसाविषयीं कोणताहि निर्णय घ्यावयाचा नाहीं. गणती आणि झडती यांमधील रेषा याहून नेमकी ओढलेली आमच्या वाचनांत नाहीं, आणि तिच्याबद्दल आम्ही कायदा करणारांचे मनापासून ऋणी आहों. खेद असा कीं, त्याच कलमांत केंद्र सरकारला आपल्या वाटेल त्या खात्याला सुरक्षिततेच्या वगैरे कारणांवरून कायद्याबाहेर ठेवण्याची सोय आहे. ज्याच्या हातीं झडती घेण्याचें बळ, त्यालाच रेषेबाहेर उभें राहण्याची परवानगी. हें आम्हांला १८९७ च्या त्या चार कलमांची आठवण करून देतें. जून २०२५ मध्यें ज्या जनगणनेची अधिसूचना निघाली ती यंत्रावर व्हावयाची आहे, आणि तींत जातहि विचारली जावयाची आहे. १९४८ चें १५ वें कलम वहीसाठीं लिहिलेलें. वही कुलपांत ठेवतां येत होती.

देवनारच्या पाहणीविषयीं एक गोष्ट राहिली. संस्थेपासून थोड्याच अंतरावर गोवंडी-शिवाजीनगरकडे ज्या दाट वस्त्या आहेत, तेथें पुष्कळ कुटुंबें एका खोलींत राहतात. ओसरी, पडवी, माजघर आणि देवघर सगळें तेंच. तेथें सुनेला एकटीला प्रश्न विचारावयाचा तर सासू, दीर आणि पोरें यांनीं जावें कोठें? पांचव्या पाहणींत स्त्रियांना असाहि एक प्रश्न होता कीं, तुम्ही स्वतः वापरतां असा मोबाईल तुमच्याजवळ आहे काय. शेंकडा ५४ स्त्रियांनीं होय म्हटलें. उरलेल्यांपैकीं कोणाला कांहीं निरोप धाडावयाचा झाला तर तो बहुधा घरांतल्या दुसऱ्या कोणाच्या यंत्रावरून. मारहाणीच्या प्रश्नांच्या तोंडाशीं प्रश्नकर्तीला एक नोंद करावयाची असते. तिच्यापुढें दोन आंकडे छापलेले असतात: एकांत मिळाला असेल तर १, मिळणें शक्य नसेल तर २. दोनवर खूण झाली कीं ती पुढचीं पानें उलटते आणि त्या बाईला कांहीं विचारीत नाहीं.